गालाने कापड ओळखणारी बाई

मानसूची आई कापड गालावर घासत होती. डोळे मिटून. आमच्या मागाच्या कारखान्याच्या आवारात, भर दुपारी, आम्ही सगळ्या पोरी बघत असताना. तागा उलगडायचा, टोक या गालावर, मग त्या गालावर, मग दाताने एक धागा तोडून थुंकायचा आणि तागा बाजूला फेकायचा. घडी घालायची नाही. घडी घालायला आम्ही होतो ना फुकटच्या.

"हे गोणपाट आहे," ती म्हणाली. पुढचा तागा. "हे मासे झाकायला बरं." पुढचा. "आणि हे जिने विणलंय तिला नवऱ्याने टाकलेलं दिसतंय. केवढा राग काढलाय कापडावर!"

जिने विणलं होतं ती तिथेच उभी होती. तिचं लग्नही झालेलं नव्हतं. बिचारीचे डोळे भरले.

मालक मध्ये पडला. म्हणाला, "वहिनी, एवढं काय बघताय? राजधानीत, सोलमध्ये तर आता बाळांना कागदाचे लंगोट लावतात. वापरला की फेकला."

"कागदाचे? माझा नातू काय टपालाने येणाराय?"

हसलो आम्ही. खोटं कशाला बोलू, बाईला तोंड होतं. बाकी काही नव्हतं, पण तोंड होतं.

ही माझ्या ताईची सासू. नाव हो बुन्नाम, पण ते फक्त पोस्टमनला माहीत. आमच्या कांगह्वा बेटावर बाई पोराच्या नावाने ओळखली जाते, आणि हिला तर ते फारच गोड लागायचं. "मानसूची आई" अशी हाक मारली की मान कोंबडीसारखी वर. मी नुसतं "मावशी" म्हणायची, तर तिला ऐकूच जायचं नाही. बंदरावरच्या बाजारात तिचं खारवलेल्या कोळंबीचं दुकान. पिंपंच्या पिंपं कोळंबी, आणि मध्ये एका उलट्या पिंपावर ही बसलेली, मिठाच्या राणीसारखी.

आणि तो मानसू, माझा दाजी. उकडलेल्या मुळ्यासारखा माणूस. पिंपं उचलायचा, पिंपं ठेवायचा. त्याला भूक लागलीय की नाही हेसुद्धा तो आईला विचारायचा. एकदा माझ्या डोळ्यादेखत त्याची बस सुटली. चार पावलं धावला असता तर मिळाली असती. हा उभा राहून बसकडे बघत राहिला, जणू तीच परत येईल माफी मागायला. असल्या माणसाला माझी ताई दिली.

दिली म्हणजे तिनेच स्वतःला दिली. आईबाप आम्हाला नाहीत. ताईनेच मला वाढवलं. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा ती माझ्याशी बोलायची बंद झाली. मग एक दिवस मागावर धाग्यांनी हात कापू नयेत म्हणून तिने मला जाड कापडाच्या बाह्या शिवून दिल्या आणि म्हणाली, "आता निदान माग तरी सोडू नकोस." बास. तेव्हापासून तिच्यासाठी मी कुणाचंही डोकं फोडायला तयार आहे. हे मी नुसतं बोलत नाही.

तर कापड. आमच्या बेटावर घरटी माग, आणि त्या मागावर एकच कापड, विरळ विणीचं पांढरं सुती. त्याची गिऱ्हाइकं दोनच: नुकतं आलेलं माणूस आणि नुकतंच गेलेलं. लहानाला लंगोट, मेलेल्याला बांधायला पट्टे. ताईला दिवस गेल्यावर मी मालकाला सांगून एक तागा जादा वेळात विणला. एकेक धागा बघून. एक गाठ नाही, एक डाग नाही. तो मी ढिगात मुद्दाम मध्येच ठेवला होता, कारण मी पुढे केला असता तर म्हातारीने तो पायाने ढकलला असता.

तिने तो उचलला. गालावर घासला. परत घासला.

"हं," म्हणाली. "हे कापड आहे. लोणी आहे लोणी. कुणी विणलं?"

"मी."

तिने माझ्याकडे बघितलं आणि मग कापडाकडे, जणू त्याने तिला फसवलं. "हात बरा आहे तुझा. तोंड मिटून ठेवलंस तर लग्नसुद्धा होईल."

मी तोंड मिटून ठेवलं. ताईसाठी.

नवं कापड तसंच लावता येत नाही बाळाला. धाग्याला खळ असते, ती उकळून, बडवून, उन्हात टाकून, परत उकळून काढावी लागते, नाहीतर कापड पाणी पीतच नाही. हे काम कुणी केलं? ताईने. पोट हे एवढं पुढे आलेलं, आणि ही कोळशाच्या शेगडीपुढे बसून पातेल्यात कापड ढवळतेय. म्हातारी बाजूला पाटावर. वाळलेल्या कापडावर बोटाने पाण्याचा थेंब सोडायची. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला की म्हणायची, "बसला. परत उकळ."

मी म्हटलं, "मावशी, मी उकळते ना. मला सवय आहे."

"नातवाचं कापड त्याच्या आईच्याच हाताने उकळावं लागतं."

"असं कुठे असतं?"

"आमच्याकडे."

त्यांच्याकडे कधीपासून? त्या सकाळपासून. पण ताईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प बसले. शेवटी थेंब पडला की गायब व्हायला लागला. मग म्हातारीने ते कापड लांबच्या लांब दोरीवर टाकलं. मागच्या अंगणात ऊन चांगलं, पण तिथे कोण बघणार? पुढच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूला, सावलीत टाकलं. आणि दारावर लावायची गवताची दोरीपण वळून तयार, लाल मिरच्या ओवून. मुलगा झाला की मिरच्या, मुलगी झाली की नुसता कोळसा आणि देवदाराच्या काड्या. काड्या तिने आणल्याच नव्हत्या.

मुलगी झाली.

मिरच्या दोरीतून निघाल्या आणि किमचीत, म्हणजे कोबीच्या लोणच्यात, गेल्या. खरंच गेल्या, मी खाल्लीय ती किमची नंतर. आणि त्याच दिवशी दोरीवरचं कापड खाली उतरलं.

दारावर दोरी असेपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, बाहेरच्याने आत जायचं नाही. मी रोज कारखाना सुटला की दारापाशी उभी राहून हाका मारायची. आतून ताई म्हणायची, "ठीक आहे गं." ताईचं "ठीक आहे" मला माहीत आहे. आई गेली तेव्हासुद्धा ती ठीकच होती. एकदा दाजी बादली घेऊन बाहेर आला. मी विचारलं, "दाजी, ताई कशी आहे?"

त्याने मागे वळून घराकडे बघितलं. "आई म्हणते, बरी आहे."

"तुमचे स्वतःचे डोळे कुठे ठेवलेत? पिंपात?"

तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि बादली घेऊन गेला. मला वाटलं, जा, लोणच्यात बस.

दोरी निघाली त्या दिवशी मी पहिली आत. ताई इतकी वाळलेली की अंगावरचा झगा खुंटीवर टांगल्यासारखा. उनसिल, म्हणजे माझी भाची, कुशीत रडतेय. मी उचलून घेतली, तर तिला वास. दुधाचा नाही. कोळंबीचा. मी लंगोट सोडला. मागची सगळी कातडी सोललेली, लालभडक. लंगोट पिवळट, जाडाभरडा. दुकानात कोळंबीचं खारं पाणी गाळतात ते फडकं. ते कापून लावलेलं.

"मी खूप वेळा धुतलं गं," ताई म्हणाली. "मीठ जातच नाही त्यातलं."

"माझा तागा कुठाय?"

तिने कोपऱ्यातल्या पितळी पट्ट्यांच्या पेटाऱ्याकडे बघितलं फक्त. त्याला कुलूप. आणि किल्ली कुठे हे विचारायची गरजच नव्हती. म्हातारी चालायला लागली की कमरेला वाजायची ती.

मी तिथून जी निघाले ती थेट बाजारात. म्हातारी पिंपावर बसून एका गिऱ्हाइकाला कोळंबी चाखवत होती.

"मावशी, पोरीचं अंग सोललंय मिठाने. पेटारा उघडा."

"ए पोरी, आधी वाकून नमस्कार तरी कर."

"पेटारा उघडा म्हटलं."

"ते कापड नातवाचं आहे. तो आला की लागेल." तिने चिमटीभर कोळंबी त्या गिऱ्हाइकाच्या तोंडात कोंबली, म्हणजे ती बाई बोलायला नको. "आणि मीठ कुणाला वाईट असतं? मी तीस वर्षं मिठात बसलेय, मला काय झालं?"

"तेच तर दिसतंय! तुम्ही पूर्ण खारवून निघालात. माणूस कुठे राहिलंय त्यात?"

मासेवाल्याने सुरी खाली ठेवली, नीट ऐकायला.

"आठवीत पळालेली पोर मला शिकवणार?" ती उठली. "कापड तुझं, पण दिलंस ना? दिलंस म्हणजे माझं. मी ते पेटाऱ्यात ठेवीन नाहीतर माझ्याबरोबर कबरीत नेईन."

"न्या ना! आजच न्या! मीच बांधून देते, घट्ट!"

हे जरा जास्त झालं. मला बाजारातून बाहेर काढलं तेव्हा माझ्या एका हातात कोळंबीची पळी होती, ती कशी आली ते मला अजून माहीत नाही. पण लोक हसले ते तिला हसले. आणि तिने बाजारात सगळ्यांदेखत सांगून टाकलं की नातू येईपर्यंत पेटारा उघडणार नाही, आणि मी तिच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही.

मग मी कारखान्यातून सेकंडचा माल गोळा केला. गाठींचा, तुटक्या धाग्यांचा, विकायला न जाणारा. त्यातला एक तुकडा माझ्याच मागाचा होता, त्याच्या काठावर वंगणाचा डाग, बेडकाच्या पिल्लासारखा, शेपटीसकट. दिवाळं निघालेल्या दुकानाच्या मालासारखा माल, पण मिठात तरी नव्हता बुडवलेला. मी तो उकळला, बडवला, आणि गाठोडं दाजीच्या हातात दिलं. दारातच. मला तर आत जायचं नव्हतं.

म्हातारीने ते उलगडून बघितलं म्हणे आणि म्हणाली, "बरोबर आहे. मुलीला सेकंडच शोभतं."

हे ऐकल्यावर मी मागावर इतक्या जोरात बसले की धोटा उडाला.

त्यानंतरच्या आठवड्यात ताई उनसिलला माझ्याकडे सोडून गेली. "आज आईंना गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात नेतेय. पाठ घासायला," म्हणाली. मला असा संताप आला! तुझ्या पोरीचं अंग त्या बाईने सोललं, आणि तू तिची पाठ घासणार? पण आमच्याकडे सुनेने सासूची पाठ घासायची असते, आणि सासूने ती चारचौघींत घासून घ्यायची असते. मी उनसिलला पाठीला बांधलं आणि माग चालवला. ती मागाच्या खडखडाटात मस्त झोपली. आमच्याच रक्ताची.

संध्याकाळी म्हातारी बाजारातून चालली होती ती उकडलेल्या कोळंबीसारखी लाल. जो भेटेल त्याला सांगत होती, "सुनेने आज अशी घासली, अशी घासली, मी म्हटलं जिवंत सोलतेस की काय! आताच्या सुना कुठे एवढं करतात?" मागून दाजी. एका पायात रबरी बूट, दुसऱ्या पायात काहीच नाही. म्हातारी मध्येच वळून त्याच्यावर ओरडायची, "एवढा घोडा झाला, पायातला बूट सांभाळता येत नाही! कुठे घालवलास?" तो म्हणाला, "माहीत नाही." मी मोठ्याने हसले. मला वाटलं, याच्या पायातून बूट निघाला तरी याला कळत नाही, बायको हातातून गेली तर काय कळणार?

पंधरवड्याने ताई उनसिलला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आली. मी लंगोट बाजूला करून बघितलं. कातडी सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत. मी कापड बघितलंच नाही, कातडीच बघत बसले. मग सगळ्या पोरींना बोलावून दाखवलं. "बघा! माझा सेकंडचा माल! म्हातारीला म्हणावं, तुझं पहिल्या नंबरचं कापड घाल चुलीत!" ताई खाली बघून हसत होती. मागच्या गल्लीतून जाताना मला त्यांच्या मागच्या अंगणात लंगोट वाळत पडलेले दिसायचे, पांढरेशुभ्र, आणि मी अशी चालायची जणू मी जहाज बांधलंय.

तीन वर्षांनी मुलगा झाला.

त्या दिवशी म्हातारी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत होती. मिरच्या एवढ्या ओवल्या की दोरी खाली वाकली. दोरी निघाल्यावर नातेवाईक, शेजारी, बाजारातले लोक, सगळ्यांना बोलावलं. मलासुद्धा. तिच्या उंबऱ्याच्या आत माझा पाय पडला तो तीन वर्षांनी, आणि तोही तिला मी हरलेली बघायची होती म्हणून. तिने खोलीच्या मधोमध पेटारा ओढला, कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडलं. गाठोडं बाहेर आलं, चौकोनी रेशमी रुमालात बांधलेलं, वर तिची नेहमीची बसकी गाठ. गाठ सोडायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. वस्तू ठेवायची कशी असते, ती अशी."

गाठ सुटली. तिने वरचं कापड उचललं, डोळे मिटले आणि गालावर घासलं. या गालावर, मग त्या.

"लोणी," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली, पण हात लावून बघा. पहिला नंबर पहिलाच असतो."

सगळ्यांनी हात लावला. सगळे म्हणाले, हो हो, लोणी. तिची धाकटी जाऊ तर म्हणाली, असं कापड आता मिळतच नाही.

मला कापडाचा काठ दिसत होता. काठावर बेडकाचं पिल्लू. शेपटीसकट.

मी ताईकडे बघितलं. ताई जमिनीकडे. मी ओठ इतके घट्ट दाबले की दातांचे वण उठले. म्हातारी गाठींचं, तुटक्या धाग्यांचं, वंगणाचं सेकंड कापड दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती, आणि ते तिने तीन वर्षं कुलपात सांभाळलं होतं, किल्ली झोपेतसुद्धा कमरेला. तीस वर्षं गालाने कापड ओळखणारी बाई. मला तिला तिथेच सांगायचं होतं. सगळ्यांसमोर. शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पण ताईने पायाच्या अंगठ्याने माझा पाय दाबला, म्हणून मी फक्त म्हटलं, "खरंच मावशी. तुमच्या गालाला तोड नाही."

ती खूश. पहिल्यांदाच माझ्यावर खूश.

बाळाला त्यातला एकही तुकडा लागला नाही. ताईने ते परत बांधून ठेवलं, म्हणाली, "आई, एवढं चांगलं रोज कशाला वापरायचं?" म्हातारीला ते फारच पटलं. पोरगा वाढला तो उनसिलच्याच जुन्या लंगोटांवर, तीन वर्षं उकळून उकळून ढगासारखे झालेले. म्हणजे माझ्या ताग्यावर. पहिल्या नंबरच्या.

मी धरून चालले होते की ही ताईची करामत. मनात म्हटलं, शेवटी माझीच बहीण. गप्प राहते, पण कामाला पक्की. एवढं मात्र कळत नव्हतं की किल्ली तिला मिळाली कधी. विचारलं की ती विषय बदलायची.

गेल्या हिवाळ्यात किमची घालायला आम्ही दोघीच बसलो होतो, हात मिरचीने लाल, म्हातारी बाहेर बाजारात आपल्या नातवाचं कौतुक सांगत. मी परत विचारलं. या वेळी तिने सांगितलं. न्हाणीघरात म्हातारी कपडे काढून आत गेली, किल्ली कपड्यांत. घासायचा हातमोजा विसरला म्हणून ताई दारापर्यंत आली आणि दारावरच्या पडद्याखालून किल्ली बाहेर सरकवली. बाहेर दाजी उभा होता. मग ताई आत जाऊन पाठ घासत बसली, सोडेचना. तेवढ्यात तो अख्खा बाजार ओलांडून घरी धावला, गाठोडी बदलली, आईची ती बसकी गाठ लहानपणापासून बघितलेली तशीच्या तशी मारली, आणि परत धावत येऊन किल्ली पडद्याखालून आत सरकवली; ताईने ती आधी बाहेर येऊन कपड्यांत ठेवली. बूट गटारात पडला तो वाकून उचलायलाही थांबला नाही.

"तो धावला?" मी म्हटलं. "मानसू दाजी?"

"धावले."

"तू सांगितलंस म्हणून."

ताईने कोबीचं पान उलटलं, मिरची लावली. "मी तर नको म्हणत होते," ती म्हणाली. "त्यांनीच ठरवलं. तू दारात गाठोडं दिलंस ना, त्याच दिवशी."